चिक्कीचे विमाधिकारी

घर भाड्यानं देण्याआधी आमच्या कुत्रीचे दात तपासणारा घरमालक मला आयुष्यात एकच भेटला. आम्ही दोघं नोएडातल्या कंपन्यांत नोकरीला लागलो होतो, पुण्याहून सामान आणलं होतं, आणि सामानाबरोबर चिक्की. एका बांधकामावर सापडलेली, शेंगदाण्याच्या चिक्कीच्या रंगाची, बापाचा पत्ता नसलेली कुत्री. गाझियाबादच्या नव्या वसाहतींत तेव्हा घरं भरपूर होती आणि भाडेकरू कमी, पण कुत्रं म्हटलं की घरमालकांचे चेहरे बदलायचे. सात घरं बघून झाली होती. आठव्या घराच्या फाटकात बंडी घातलेले एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. ते सरळ उकिडवे बसले, चिक्कीचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि आत डोकावले.

"वय?"

"दोन वर्षं," माझा नवरा म्हणाला. कुत्रं लहान असलं तर घर मिळेल, असा आमचा हिशेब.

"चार पूर्ण," ते म्हणाले. "मालक जनावराचं वय कमी सांगतो आणि दूध जास्त. भुंकते?"

"अजिबात नाही," मी म्हटलं आणि चिक्की भुंकली.

त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं. मग उभे राहून पहिल्यांदाच आमच्याकडे वळले. "दोन खोटी निवेदनं झाली. तिसरं करू नका. वरचा मजला रिकामा आहे. काकू चहा ठेवतायत, या." आम्ही मराठी आहोत हे त्यांनी कधी ओळखलं, विचारायचं राहूनच गेलं.

काकांची सगळी नोकरी सरकारी विमा कंपनीच्या पशुविमा खात्यात झाली होती. सांगली-सोलापूरकडची गावं सायकलवरून आणि मग जीपमधून पालथी घालून त्यांनी गाई, म्हशी, बैल तपासले होते. शेवटची बदली दिल्लीला, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कचेरीत. तिथे गाय नव्हती, गाईंच्या फायली होत्या. त्यात त्यांचं मन रमलं नाही, पण त्याच काळात यमुनेपलीकडे भूखंडांची सोडत निघाली, काकांना एक लागला, आणि निवृत्तीनंतर माणसं गावाला परततात तसं न करता ते गाझियाबादेतच राहिले. का राहिले, असं विचारलं तर म्हणत, "गावात सगळी जनावरं ओळखीची आहेत. तपासायला काय उरलंय?"

नोकरी सुटली पण नजर सुटली नाही. माणूस समोर आला की ते त्याचं वर्णन मनातल्या मनात एखाद्या छापील तक्त्यात भरत, आणि बरेचदा मनातल्या मनात राहत नसे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना जिन्यात अडवून काका म्हणाले, "उजव्या भुवईवर तीळ, डावा पाय किंचित बाहेर. फोटोतल्या त्याच. जा वर." सासूबाई आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. काकूंना हे सवयीचं होतं. त्या सांगत, मुलगी बघायला आले तेव्हा ह्यांनी मला गाणं म्हणायला सांगितलं नाही, अंगणात चार फेऱ्या मारायला सांगितलं.

दुसरी सवय म्हणजे लेखी. तोंडी सांगितलेलं काही काकांच्या लेखी घडलेलंच नसायचं. नळाला गळती लागली तर अर्ज. दूधवाल्यानं उद्या येणार नाही म्हटलं तर त्याच्याकडून चिठ्ठी. एकदा माझ्या नवऱ्यानं जिन्यात सांगितलं, "काका, गच्चीवर साप आहे." काका म्हणाले, "लेखी द्या," आणि तो लिहीपर्यंत साप गेला. "बघा," काका म्हणाले, "साप आता कागदावरच आहे."

आमच्या गल्लीतल्या योजनेची सुरुवात मात्र काकांनी नाही, चड्ढा आंटींनी केली. समोरच्या घरातल्या ह्या बाईंचा पांढरा पामेरियन एकाएकी खायचा बंद झाला आणि आंटी रडत आमच्या फाटकाशी आल्या. "भाईसाब, आप तो डंगर डॉक्टर थे ना, जानवरों के?"

"डॉक्टर नहीं जी," काका म्हणाले. "डॉक्टर जानवर के जीते जी आता है. मैं उसके मरने के बाद जाता था."

आंटींना हुंदकाच फुटला. काकांनी पामेरियनच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, आणि शांतपणे विचारलं की घरात काल गाजरहलवा कोणी केला होता. कुत्रं दोन दिवसांत बरं झालं. काका मात्र बरेच दिवस विचारात होते. मग एके दिवशी त्यांनी गल्लीतल्या जनावरं पाळणाऱ्या सगळ्या घरांना पत्र टाकलं, हिंदीत, तीन प्रतींत. त्याचा मथितार्थ असा होता की आजवर आपण मेल्यावर बघत आलो, आता जिवंतपणी बघणार.

योजना साधी होती. हप्ता पैशात नाही, कामात. प्रत्येक घरानं एक काम लिहून द्यायचं आणि गल्लीतलं कुठलंही जनावर आजारी पडलं की ते काम बिनबोभाट करायचं. चड्ढा आंटींकडे मारुती होती, त्यांनी गाडी लिहून दिली. कोपऱ्यावरच्या वकिलांनी 'जानवर के पास बैठना' लिहून दिलं, कारण त्यांच्याकडे अशील फारसे येत नसत. आमच्याकडे कॉम्प्युटर आणि फोन होता, म्हणून डॉक्टर शोधणं आमच्याकडे. काकूंनी बिनमिठाचा भात. काका तपासणार आणि लिहिणार. करोल बागेत गाड्यांच्या नंबरपाट्या करणारा एक कारागीर गाठून त्यांनी पितळी बिल्ले करून आणले आणि प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांक घातला. चिक्कीला तीन नंबर मिळाला. वकिलांच्या पोपटाला बिल्ला पेलवेना, म्हणून त्याचा पिंजऱ्याला.

दर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर तपासणी व्हायची. वजन करायला माणसांचाच काटा होता. मालकानं जनावर उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी काकांनी करायची. काका ती मोठ्यानं करत. "मिसेज चड्ढा, बयासी किलो, कुत्ते के साथ अठासी." पुढच्या रविवारी एकही बाई गच्चीवर आली नाही. काकांना कारण कळेना. काकूंनी कानात सांगितल्यावर तेव्हापासून प्रत्येक जनावर काकाच कडेवर घेऊन काट्यावर चढत, आणि सगळ्या वसाहतीला काकांचं वजन तोंडपाठ झालं.

जनावरांशी ते अहो-जाहो बोलत. "या, बसा. पाय द्या. कान दुखतोय का तुमचा?" माणसांना हा मान नव्हता.

ह्या सगळ्याची मी चेष्टा करायचे. एका गुरुवारी आम्ही दोघंही ऑफिसात असताना चिक्कीनं नवऱ्याचा पायमोजा गिळला. काकूंना ती खोकताना ऐकू आली. त्यानंतर काय झालं ते आम्हाला दिवेलागणीला घरी आल्यावर कळलं. दारावर चिठ्ठी होती: 'दावा क्रमांक तीन निकाली. मोजा बाहेर. जनावर झोपले आहे. विमाधारकांनी जिन्यात चपला वाजवू नयेत.' सोबत प्लास्टिकच्या पिशवीत पुरावा म्हणून मोजा. मधल्या सहा तासांत आंटींची गाडी पूल ओलांडून दिल्लीला, आम्ही शोधून ठेवलेल्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती, वकीलसाहेब मागच्या सीटवर चिक्कीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि आम्हाला कोणी फोनसुद्धा केला नव्हता. मी काकांना विचारलं, कळवलं का नाही? ते म्हणाले, "तुम्ही येऊन काय करणार होता? रडला असता. ते काम कुणी लिहून दिलेलं नाही." त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. ऑफिसात बसून पहिल्यांदाच माझं लक्ष कामात लागायला लागलं.

पुढे विम्याचा धंदा खासगी कंपन्यांना खुला झाला आणि एका भर मे महिन्याच्या दुपारी टाय लावलेला एक तरुण एजंट आमच्या फाटकात आला. त्याची कंपनी कुत्र्यांचाही विमा उतरवत होती. चड्ढा आंटींनी त्याला मुद्दाम काकांकडे पाठवलं असावं. काकांनी त्याला पंख्याखाली बसवलं, ताक दिलं आणि पत्रक शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचलं.

"ये पीस ऑफ माइंड लिखा है. किसका माइंड?"

"सर, ओनर का."

"तो फॉर्म में ओनर की जाँच कहाँ है? इसमें सिर्फ कुत्ते की उम्र पूछी है. ओनर रात को उठता है क्या, ये नहीं पूछा. ओनर को याद रहता है क्या, टीका कब लगा, ये नहीं पूछा. कुत्ता बीमार कम पड़ता है बेटा, मालिक भूलता ज्यादा है."

एजंटनं प्रामाणिकपणे सांगितलं की हे वरच्यांना विचारावं लागेल. काकांनी त्याला दुसरा पेला ताक दिलं आणि चार सूचना लिहून दिल्या, त्याही तीन प्रतींत. पॉलिसी मात्र घेतली नाही.

इतकं सगळं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात एक मांजरसुद्धा नव्हतं. काकूंची फार इच्छा होती. चिक्की खाली गेली की त्या तिला तास तास सोडत नसत, आणि काका खुर्चीतून म्हणत, "तपासणाऱ्यानं पाळायचं नसतं." मला वाटायचं, हाही त्यांच्या नियमांतला एक.

चार वर्षांनी नवऱ्याच्या कंपनीनं आम्हाला न्यू जर्सीला पाठवायचं ठरवलं. ऑफिसात पेढे वाटले आणि घरी येऊन आम्ही चिक्कीकडे बघत बसलो. तिला न्यायचं ठरलंच होतं. प्रवासाआधी डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. हृदयाच्या झडपेत दोष होता. विमानाच्या सामानकक्षात घातली तर पोचेलच असं नाही, म्हणाले. औषध सुरू करा, वर्ष-दोन वर्षांनी बघू.

आठ वर्षांची, हृदयाची रोगी, गावठी कुत्री कोण घेणार? पुण्यात सासूबाईंना दमा. ओळखीत विचारून झालं. शेवटी मी काकांकडे गेले. ते नाही म्हणाले. लेखी मागितलं नाही, कारण विचारलं नाही, फक्त नाही म्हणाले. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. तेव्हा ते बोलले.

"माणदेशात एक बाई होती. एकच म्हैस. तिचा विमा मीच उतरवला, कानात बिल्ला मीच मारला. वर्षभरानं म्हैस मेली, मी गेलो. कानात बिल्ला नाही. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम. विचारलं, बिल्ला कुठाय? ती म्हणाली, कान चिघळला होता साहेब, माश्या बसत होत्या, म्हणून बिल्ला मीच कापून काढला. हळद भरली, बरा झाला कान. मेलेल्या म्हशीचा बरा झालेला कान तिनं मला उचलून दाखवला."

"मग?"

"मग काय. नामंजूर लिहिलं. नियमानं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. निघताना तिनं मला ताक दिलं. उन्हाचं आलाय म्हणाली." "मला कान दिसलाच नाही, पोरी. बिल्लाच दिसला. असल्या माणसानं जनावर पाळू नये."

त्यावर बोलल्या त्या काकू. स्वयंपाकघराच्या दारात त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "तुम्ही नका पाळू," त्या म्हणाल्या. "मी पाळते. तुम्ही तपासा." मग माझ्याकडे वळून, "गोळ्या कधी कधी द्यायच्या तेवढं सांग. ह्यांना लेखी दे, मला नुसतं सांग."

आम्ही गेलो. दर रविवारी मी फोन कार्ड खरवडून गाझियाबादला फोन लावायचे आणि काका अहवाल वाचायचे. वजन, भूक, श्वास मिनिटाला किती, जिना किती वेळा चढली. सुरुवातीला 'जनावराची प्रकृती स्थिर' असं असायचं. सहा-सात महिन्यांनी त्यात भर पडायला लागली. "काल चड्ढांच्या दारात जाऊन भांडून आली. चूक त्यांच्या कुत्र्याची होती." मागून काकू ओरडायच्या, चूक हिचीच होती. एकदा अहवाल वाचताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "एक मिनिट, पायावर झोपल्यायत, पाय बदलतो."

तिकडे कुत्र्यांचाही आरोग्यविमा असतो हे ऐकून काकांनी माहिती मागवली. लेखी. मी एका कंपनीची जाडजूड पुस्तिका टपालानं पाठवली. त्यांनी ती तांबड्या पेन्सिलीनं खुणा करत वाचून काढली आणि पुढचे चार रविवार मला तिच्यातली कलमं वाचून दाखवली. दहा वर्षांच्या कुत्र्यालाही घेतात, हृदयाचा जुना आजार तेवढा वगळून, हे मला काकांकडूनच कळलं. "कंपनी बरी दिसते," ते म्हणाले. "हिला नेलंत की उतरवा."

दोन वर्षांनी आम्ही तिला न्यायला आलो. दिल्लीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की औषध इतकं नियमानं दिलं गेलंय की आता न्यायला हरकत नाही. तिकडे घर घेतलं होतं, मागे अंगण होतं, चिक्कीची गादी मी आधीच आणून ठेवली होती. दोन वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते, हे मला सांगितलंच पाहिजे.

चिक्की आम्हाला विसरली नव्हती. जिन्यावरून पडतझडत आली, माझं तोंड चाटलं, नवऱ्याच्या भोवती गोल गोल धावली, आनंदानं तिला ठसका लागला. काका पाच पावलांवरून म्हणाले, "बस झालं. धाप लागेल तुम्हाला." ती तत्काळ थांबली आणि जाऊन त्यांच्या पायाशी बसली.

टेबलावर सगळं तयार होतं. लसींची नोंद, गोळ्यांचं वेळापत्रक, विमानाच्या पिंजऱ्याची मापं. वरच्या कागदावर काकांच्या अक्षरात 'तपासले. प्रवासास योग्य,' आणि खाली सही. काकू बाहेर आल्याच नाहीत. आत पुऱ्या तळल्याचा आवाज येत होता, आणि तो बंद झाल्यावरही त्या आल्या नाहीत.

"घ्या," काका उभे राहून म्हणाले. "मालक आले की जनावर ताब्यात द्यायचं." फाईल त्यांनी पुढे केली. ते माझ्याकडे नाही, चिक्कीच्या कानांकडे बघत होते.

आमच्या सामानात त्या कंपनीचं पत्र होतं, चिक्कीचा विमा उतरवतो म्हणून. मी नवऱ्याकडे बघितलंच नाही.

"काका, एक घोटाळा झालाय," मी म्हटलं. "विमा कंपनी नाही म्हणाली. दहा वर्षांचं कुत्रं घेतच नाहीत म्हणे. आणि तिकडे विम्याशिवाय डॉक्टर परवडत नाही. आता नेऊन काय करायचं, तेच कळत नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे वळून बघितलं आणि तो काही बोलला नाही, ह्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खोटं बोलणाऱ्या किती मालकांकडे त्यांनी असं बघितलं असेल. ज्या पानावर माझं बोलणं खोटं ठरत होतं, त्या पानावर त्यांच्याच तांबड्या पेन्सिलीची खूण होती, आणि ते पान त्यांनीच मला फोनवर वाचून दाखवलं होतं.

"लेखी आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. फोनवर सांगितलं."

काकांनी पुढे केलेली फाईल हळूच मागे घेतली आणि छातीशी धरली.

"फोनवरचं चालतं," ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारायला आत गेले.